नारायण तेलाची बाटली

कोल्हापुरात पावसाळ्यात वर्तमानपत्र उघडले की आधी राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी पाहायची, ही सवय बहुतेक घरांत आहे. पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. आमच्या घरी मात्र त्याच्या कितीतरी आधी आजोबांच्या उजव्या गुडघ्याचा इशारा यायचा. पावसाची झड लागली की ते सोप्यातल्या खुर्चीत बसून धोतर मांडीपर्यंत वर घेत आणि "बाटली आण गं" एवढेच म्हणत. कसली बाटली, हे विचारावे लागत नसे. आमच्या घरात नुसती 'बाटली' म्हणजे सांध्यांना चोळायच्या आयुर्वेदिक नारायण तेलाची. इतर घरांत त्या शब्दाचा वेगळा अर्थ असतो, हे मला बऱ्याच उशिरा कळले.

आजोबा तरुणपणी तालमीत होते. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात आपण दोन कुस्त्या मारल्या, असे ते सांगत आणि तिसरीविषयी बोलत नसत. गुडघा त्या तिसरीचा होता. तालमीत वाढलेल्या माणसाला तेलाचे अप्रूप नसते, कारण तिथे हौद्यातल्या लाल मातीलाही तेल, ताक, हळद आणि लिंबू घालून मऊ करतात. तरीही या एका तेलाबद्दल ते आदराने बोलत, आणि त्याचे कारण मला त्याच्या घटकांची यादी वाचल्यावर उमगले.

नारायण तेलाची कृती शारंगधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात आहे. त्यात बेल, टेंटू, पाडळ यांच्या मुळ्या आहेत, आस्कंद, चिकणा आणि पुनर्नवा आहेत, शतावरीचा रस आणि दूध आहे, शिवाय देवदार, जटामांसी, वेखंड, तगर, वेलची अशी सुगंधी मंडळी आहेत. पण मला गंमत वाटते ती डोरली, रिंगणी आणि गोखरू यांची. शेताच्या बांधावरून अनवाणी चालताना ज्या गोखरूचा काटा टाचेत मोडून आपण कळवळतो, तोच काढ्यात उकळून, तिळाच्या तेलात मुरून पुन्हा त्याच पायाला चोळला जातो. वाताच्या दुखण्यांवर हे तेल सांगितले आहे, आणि ते केवळ चोळण्यापुरते नसून वैद्य ते पोटात, बस्तीसाठी, म्हणजे एनिमासाठी, आणि नाकात घालण्यासाठीही योजतात. आम्ही मात्र चोळण्याच्या पुढे कधी गेलो नाही.

असे तेल घरी करणे म्हणजे लग्नाचा स्वयंपाक चार माणसांसाठी मांडण्यासारखे आहे. कॉलेजात असताना मला उत्साह आला, तेव्हा मी शहाणपणाने सोपे, निर्गुंडीचे तेल करायला घेतले, कारण निर्गुंडी आमच्या परड्याच्या कुंपणालाच होती. प्रमाण मला पाठ होते. कल्क, म्हणजे वाटलेली चटणी, एक भाग घेतली तर तेल चार भाग आणि रस किंवा काढा सोळा भाग. म्हणजे वाटीभर तेल हाती लागण्यासाठी चार वाट्या पाणी मंद आचेवर पूर्ण उडून जावे लागते. 'पूर्ण' या शब्दाकडे माझे लक्ष नव्हते. दोन तासांनी तेल वर तरंगताना दिसले, वासही सुटला, आणि मी पातेले उतरवून तेल गाळून टाकले.

आजीने गाळण्यातला चोथा बोटांत धरून वात वळायचा प्रयत्न केला. ती वळेना, बोटांना चिकटत होती. मग तिने त्यातला चिमूटभर चुलीतल्या निखाऱ्यावर टाकला आणि तो फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडला. "पाणी हाय अजून," एवढे बोलून ती उठून गेली. कल्काची वात सरळ वळली पाहिजे आणि ती विस्तवावर आवाज न करता जळली पाहिजे, ही परीक्षा ग्रंथातही आहे, हे तिला कुणी सांगितले नव्हते. तेल सिद्ध होताना त्यावर फेस येतो आणि तूप सिद्ध होताना मात्र आलेला फेस बसतो, हाही त्याच परीक्षेचा भाग. माझ्या तेलाची बाटली पंधरा दिवसांत आंबूस झाली आणि परड्यात गेली. निर्गुंडीलाच तिचे तेल परत मिळाले.

तेल लावण्याचेही असेच. वाटी गरम पाण्यात ठेवून ते कोमट करायचे, मांडीवर आणि पोटरीवर लांब हात फिरवायचा, सांध्यावर गोल. मी लहानपणी घाई करत असे, तेव्हा आजोबा डोळे न उघडता म्हणत, "कणीक मळतीयास का?" अपचन किंवा कफ असताना अंगाला तेल लावू नये, हा आयुर्वेदाचार्य वाग्भटाचा नियमही ते पाळत, पण जेवणानंतर लगेच चोळून घ्यायचा त्यांचा हट्ट आजीच्या रागाला कारण होई.

तेलाने त्यांचा गुडघा बरा झाला, असे मी म्हणणार नाही. सकाळचा ताठरपणा सैल होई आणि ते जिना उतरून चहाला जात, एवढे मी पाहिले आहे. सांधा लाल होऊन सुजला, तापला, तर तो चोळत न बसता डॉक्टर गाठावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि बाटली घेताना चष्मा लावून लेबल वाचावे. एकदा घाईत आणलेल्या बाटलीवर पुढे ठळक अक्षरांत सर्व सांधेदुखीवर रामबाण असे होते आणि मागे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, तिळाच्या तेलाऐवजी मिनरल ऑइल. वास अत्तराचा, रंग सरबताचा. ती मी दाराच्या बिजागरीला वापरली. बिजागरीने कुरकुरणे थांबवले, हे कबूल केले पाहिजे.

आजोबांचे तेलाचे धोतर अजून घरात आहे. फाडून त्याचे दोन तुकडे केले, त्यातला एक खुर्चीवर घालतो. कितीही धुतले तरी त्याचा पिवळेपणा जात नाही. परवा ते उन्हात वाळेना म्हणून मी इस्त्री फिरवायला घेतली, तर गरम इस्त्रीखालून देवदार आणि वेखंडाचा वास एकदम वर आला, आणि पलीकडच्या खोलीतून मुलीने विचारले, "आई, कुणाचा गुडघा दुखतोय?"