सुम्बा बेटावरचं रेंदे: सुपारी घेऊनच जा

पूर्व सुम्बातल्या वाईंगापू शहराच्या बाजारात आमच्या ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि पाच मिनिटांत एक पिशवी घेऊन परत आला. पिशवीत हिरव्या सुपाऱ्या, चुन्याची पुडी आणि बोटभर लांबीची, पिंपळीसारखी दिसणारी हिरवी फळं. ही नागवेलीची फळं. सुम्बात विडा पानाचा करत नाहीत, या फळाचा करतात. "गावात रिकाम्या हातांनी जायचं नाही," तो म्हणाला. माझ्या आजीचा पानाचा डबा आठवला आणि परक्या देशात आल्याची निम्मी धास्ती तिथेच गेली.

सुम्बा हे इंडोनेशियाच्या पूर्व नुसा तेंगारा प्रांतातलं बेट, फ्लोरेसच्या दक्षिणेला. आकाराने बालीच्या जवळपास दुप्पट, पण बालीला जाणाऱ्या शंभर जणांतला एखादाच इथवर येत असेल. पूर्व नुसा तेंगारा हा देशातल्या गरीब प्रांतांपैकी एक. बेटावर दोन विमानतळ आहेत: पश्चिमेला ताम्बोलाका, पूर्वेला वाईंगापू. बालीहून दोन्हीकडे विमानं जातात. आम्ही जूनमध्ये गेलो. पूर्व सुम्बा कोरडा आहे. पाऊस संपला की डोंगर पिवळे पडतात आणि त्या माळांवर घोडे मोकळे चरत असतात. मराठवाड्यातल्या माणसाला हा रंग ओळखीचा वाटेल. मे ते ऑक्टोबर हा काळ फिरायला बरा. ज्यांना पासोला, म्हणजे घोड्यांवरून भाले फेकण्याचा विधी बघायचा आहे, त्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिम सुम्बात जावं.

वाईंगापूहून आग्नेयेला मेलोलो मागे टाकून रेंदे गावाला पोचायला आम्हाला दोन तास लागले. सरकारी नाव रिंदी. मेलोलोच्या बाजूला बस आणि जीपगाड्या जातात, पण परतीची वेळ त्यांच्या हातात. दिवसाभरासाठी ड्रायव्हरसह गाडी ठरवलेली उत्तम. त्यात खरा फायदा भाषेचा, कारण गावात इंग्रजी जवळजवळ चालत नाही. तरी आपल्या कानाला धागेदोरे सापडत राहतात. गावाला 'देसा', भाषेला 'बाहासा', नावाला 'नामा', बायकोला 'इस्त्री' आणि नवऱ्याला 'सुआमी'. वडीलधाऱ्या बाईला मात्र 'मामा' म्हणायचं. पहिल्या दिवशी माझी जीभ अडखळली, दुसऱ्या दिवशी सरावली.

रेंदेत शिरताच समोर थडगी दिसतात. घरांच्या दोन रांगा आणि मधल्या अंगणात राजघराण्याची दगडी थडगी. त्यातलं सर्वांत मोठं म्हणजे जाड खांबांवर पेललेली प्रचंड शिळा. असे दगड माणसांनी दोर लावून, लाकडी ओंडक्यांवरून ओढत आणलेले असतात. थडग्यांवरच्या उभ्या कोरीव दगडांवर माणसं आणि प्राणी आहेत. घरांची छपरं मधोमध उंच शिखरासारखी वर जातात. खाली जनावरं, मध्ये माणसं आणि शिखरात मारापू, म्हणजे पूर्वजांचे आत्मे आणि त्यांच्या पवित्र वस्तू. काही छपरांवर आता गवताऐवजी पत्रा आहे. 'अस्सलपणा गेला' म्हणून हळहळणारे प्रवासी मी पाहिले. मला ते पटत नाही. गवताचं छप्पर पुन्हा पुन्हा शाकारावं लागतं, त्याला गवत, माणसं आणि पैसा लागतो. गळक्या घरात राहायची सक्ती आपण त्यांच्यावर का करावी?

बेटावर आज बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत, पण मारापूंना मानणारा जुना धर्म जिवंत आहे. ओळखपत्रावर अशा मूळ धर्मांची नोंद करायला इंडोनेशियाच्या संविधान न्यायालयाने २०१७ मध्ये मान्यता दिली. पूर्व सुम्बात मोठ्या माणसाचं दफन कधीकधी वर्षानुवर्षं थांबतं. त्या विधीला म्हशी, घोडे आणि दूरदूरचे नातेवाईक लागतात. तोवर देह हाताने विणलेल्या कापडांत गुंडाळून घरातच ठेवतात. त्यामुळे बोलावल्याशिवाय कुठल्याही घरात डोकावू नका. थडग्यावर गावातली मुलं खेळताना दिसली, तरी आपण चढू किंवा बसू नये.

आम्ही एका ओसरीवर बसलो. आधी पिशवी पुढे केली, मग पाहुण्यांच्या वहीत नाव लिहून दोघांचे मिळून १,००,००० रुपिया ठेवले. घरच्या मामांनी सुपारीची छोटी, विणलेली टोपली आमच्यापुढे सरकवली. ती नाकारणं हा अपमान समजतात. चावायचं नसेल तर दोन्ही हातांनी घ्या आणि जवळ ठेवा, चालतं. मी चावलं. आधी सुपारी, मग फळाचं टोक चुन्यात बुडवून. कात नाही, तरी तोंड लालभडक झालं, कान तापले आणि मामा मनापासून हसल्या. त्यानंतर फोटोंसाठी परवानगी मागावी लागली नाही, त्यांनीच माग दाखवायला नेलं.

रेंदेला जायचं ते या कापडासाठी. इथे विणण्याआधी ताण्याचे धागे ताडाच्या पात्यांच्या पट्ट्यांनी गाठी मारून बांधतात आणि मग रंगवतात. बांधलेला भाग कोरा राहतो. निळा रंग नीळीचा, तांबडा 'कोम्बू'चा, म्हणजे आपल्याकडच्या आल किंवा बारतोंडीच्या जातीतल्या झाडाच्या मुळांचा. तांबडा धरावा म्हणून सूत आधी केमिरीच्या तेलकट बियांच्या वाटणात भिजवतात. नीळीच्या मडक्याचं झाकण मामांनी उचललं तेव्हा आंबलेला उग्र वास आला. त्यांची नखं मुळापासून निळी होती. माग कमरेला बांधायचा, शरीर मागे झुकवून ताण द्यायचा. हिंगीवर, म्हणजे पुरुषांच्या अंगावरच्या कापडावर, घोडे, कोंबडे, मगरी आणि शत्रूंची मुंडकी टांगायचं झाड असतं. मधल्या पट्ट्यात जाळीची नक्षी दिसली आणि मी चमकले. तिचं नाव 'पातोला रातू'. गुजरातचा पटोला व्यापाऱ्यांच्या गलबतांतून इथे आला आणि राजांच्या वस्त्रांवर बसला.

नैसर्गिक रंगाच्या एका कापडाला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. त्यामुळे किंमत काही दशलक्ष रुपिया असते. आपल्या एका रुपयाला १८० च्या वर रुपिया मिळतात, हे लक्षात ठेवून हिशोब करा. शक्यतो विणणारीकडूनच घ्या. शहरातल्या एका दुकानात मी 'मुळांचा रंग' म्हणून घेतलेल्या कापडाने पहिल्याच धुण्यात पाणी गुलाबी केलं. गावात आधी विचारा: रंग कशाचा, बांधलं कोणी, वेळ किती लागला? विणणारी उत्तर देताना थांबत नाही. थोडी घासाघीस चालते, पण निम्म्यावर आणू नका.

आता थोडं व्यवहाराचं. भारतीयांना ३० दिवसांचा व्हिसा विमानतळावर ५,००,००० रुपियांना मिळतो. सुम्बाची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. रोख पैसे वाईंगापूतच काढा, सुट्ट्या नोटा भरपूर ठेवा. सुम्बात मलेरिया आहे, त्यामुळे निघण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. शाकाहाऱ्यांनी 'साया तिदाक माकान दागिंग' (मी मांस खात नाही) पाठ करावं आणि मासेही नको असतील तर 'इकान' हा शब्द जोडावा. भात, टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि पपईच्या फुलांची कडसर भाजी मिळते. मला ती कारल्यासारखी आवडली.

मुलांना गोळ्या, पेन वाटू नका. दुसऱ्या गाडीतल्या पाहुण्यांनी वाटले आणि लहानगी ढकलाढकलीत पडली. त्यापेक्षा फोटो द्या. मी वाईंगापूत परतल्यावर मामांचे चार फोटो छापून घेतले आणि ड्रायव्हरकडे दिले. आठवड्याने त्याचा निरोप आला: पोचले, आणि मामा विचारतायत की तुमच्याकडच्या पानाचा फोटो पाठवाल का.