तिरक्या अक्षरांतली ओळ

आमच्या गल्लीच्या मंडळाचं स्नेहसंमेलन सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या एका रविवारी असायचं. होम मैदानावर पाळणे फिरत असायचे, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत ओरडून बसलेले घसे अजून सुटलेले नसायचे. सकाळी रांगोळ्या, मग लिंबू-चमचा, संध्याकाळी नाच-गाणी. हे सगळीकडेच असतं. मला आठवते ती जेवणानंतरची दुपार.

दोन बाकडी जोडून त्यावर चादर अंथरायची आणि तिच्यावर माझा मावसभाऊ बंगळुराहून आणलेली 'मॅजिक' नावाच्या खेळाची कार्डं मांडायचा. चेटके, ड्रॅगन, दलदली, पडके किल्ले. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला हा खेळ 1993 साली बाजारात आला. पण आमच्यात तो खेळता कुणालाच यायचा नाही, भावालाही जेमतेम. आम्ही कार्डं बघायचो आणि वाचायचो, बस. अट एकच, शेंगाचटणीचे हात धुऊन यायचं. तरी एका कार्डावर तेलाचा डाग पडलाच. तो कुणाचा, यावरून अजून भांडण होतं.

कार्डाच्या वरच्या भागात चित्र, खाली नियम आणि बऱ्याच कार्डांवर नियमांच्याही खाली तिरक्या अक्षरांत एखादी ओळ. त्या ओळीचा डावात उपयोग शून्य. आमचा सगळा जीव तिच्यातच. एकाने चित्रावर अंगठा ठेवून ती ओळ मराठीत सांगायची आणि बाकीच्यांनी चित्र ओळखायचं, हा आमचा खेळ. सुरुवातीच्या काही कार्डांवर शेक्सपिअर, कोलरिज यांच्या ओळी उसन्या घेतलेल्या आहेत. भारदस्त वाटतात, पण मला त्यांच्यापेक्षा कुणा सैनिकाची, म्हातारीची, मरता मरता बोललेली ओळ आवडायची.

त्यातलीच एक साफी. 1995 च्या एका कार्डावर एक अक्राळविक्राळ प्राणी आहे आणि खाली साफी एरिक्सडॉटर नावाची बाई हान्सला पळ म्हणून ओरडते. हे तिचे शेवटचे शब्द, असंही तिथंच छापलंय. ती कोण, हान्स तिचा कोण, काही नाही. दरवर्षी आम्ही त्यावर वाद घालायचो. मग 2006 मध्ये साफीचं स्वतःचं कार्ड निघालं आणि पुढच्या संमेलनात भावाने ते चादरीवर ठेवलं. गावाकडचं माणूस अचानक स्टँडवर भेटावं तसं झालं. त्यावरचा नियम असा, की साफीचा बळी दिला, तर तुम्ही निवडलेला दुसरा गडी त्या फेरीत मेला तरी परत येतो. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी जे ती ओरडली, तेच आता ती डावात करते! नियम लिहिणाऱ्याने ती जुनी ओळ नीट वाचली होती.

चित्रांचा खरा जाणकार म्हणजे आमचे जकार्डवाले काका. जकार्ड म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून मागावर नक्षी उठवणारं यंत्र. चादरींची नक्षी काढण्यात त्यांचा जन्म गेला. "आमची पण कार्डंच की. त्यांना भोकं असतात, त्यातनं मोर निघतो," असं दरवर्षी सांगायचे. कार्ड हात लांब करून धरायचे आणि डोळे बारीक करायचे. लांबून कळलं तरच नक्षी, हा त्यांचा नियम. जॉन एव्हनची डोंगर-समुद्राची कार्डं त्यांना फार आवडायची. 2004 च्या एका संचात तर ती चित्रं जवळजवळ अख्खं कार्ड व्यापतात. रिबेका ग्वेचे पातळ जलरंग बघून मात्र म्हणाले, "हे धाग्यात येणार नाही."

एकदा कार्डाच्या तळाशी बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे काय लिहिलंय बे?"

"चित्रकाराचं नाव, काका. प्रत्येक कार्डावर असतं."

काका थोडा वेळ गप्प. मग बाकड्यावरच्या चादरीची कड उलटी करून बघितली. तिथं फक्त कारखान्याचं लेबल होतं.

पुढच्या वर्षी त्यांनीच पुठ्ठ्याचे तुकडे कापून आणले आणि पोरांना म्हणाले, आता तुमची कार्डं करा, खाली नाव घाला. ढीगभर ड्रॅगन जमले. सगळ्यांत शेवटी दुसरीतल्या एका पोरीने आपलं कार्ड दिलं. काकांनी चित्रावर अंगठा ठेवला आणि ओळ वाचली : "वरून तळं दिसतं. खालून आई ओरडते."

अख्खा घोळका एकदम ओरडला, "गड्ड्यातला पाळणा!"