लपाछपी संपली होती

ती माउली नऊ वर्षांच्या लेकराला घेऊन आली तेव्हाच वैतागलेली होती. शाळेतून तिसरी तक्रार आलेली, पोरगा मारामारी करतो. त्याच्या कानांना मशीन मीच बसवलं होतं, सहा महिन्यांपूर्वी. कॉम्प्युटरला जोडून पाहिलं, तर रोजचा वापर सरासरी दोन तास. मी आईला चार शब्द सुनावले. ते आजही मला खटकतं.

या मुलाला आवाज कळतो, शब्द कळत नाही. आ, ऊ, म हे खालच्या पट्टीतले आवाज त्याला मिळतात. स, श, च वरच्या पट्टीतले, ते गळतात. पाठीमागून म्हटलेला 'साप' आणि 'चाप' त्याला सारखेच. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात, म्हणून शाळेने दोन वर्षं एकच सांगितलं, "याला मराठी समजत नाही." कान तपासून घ्या, असं एकाही शिक्षकाला सुचलं नाही. याचा मला अजून राग येतो.

मशीन का काढतो? मशीन कानात धरून ठेवणारा साचा बघितला तर सैल. मुलांचा कान वाढतो, साचा वाढत नाही, दर काही महिन्यांनी नवा करावा लागतो. सैल झाला की मशीन शिट्टी मारतं. वर्गात त्याचं नावच 'शिट्टी' पडलं होतं, आणि मारामारी त्याच नावावरून. शिबिरांत मशीनं वाटतात, फोटो निघतात, पण पुढच्या साच्याचं कुणी बोलत नाही. शिवाय घरात टॉवेल विणायचा यंत्रमाग. तो चालू असताना आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे जातो आणि मशीन तो खडखडाटही वाढवूनच देतं.

नव्या साच्यासाठी कानाचं माप घ्यायचा मसाला भरून, तो घट्ट होईपर्यंत आम्ही थांबलो होतो. तेवढ्यात आई कौतुकाने म्हणाली, "लपाछपीत लई हुशार आहे बघा मॅडम. टॉवेलच्या गठ्ठ्यांमागं तास-तास बसतो, कुणाला सापडत नाही."

माझा हात थांबला. मसाला काढल्यावर मी त्याच्यासमोर बसून विचारलं, "खेळ संपला हे तुला कसं कळतं?"

तो म्हणाला, "अंधार पडला की."

बाकीची पोरं "या रे सगळे" म्हणून ओरडून घरी गेलेली असायची. बंद खोलीत मी त्याची चाचणी घेतली होती, एक मीटरवरून, आणि फाइलवर 'फायदा चांगला' असं लिहिलं होतं. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवते. गल्ली किती लांब असते, हे मात्र मी धरलंच नव्हतं. कुणाबरोबर खेळतोस, असा रकाना आमच्या फॉर्मवर नाही.

नवा साचा घ्यायला येताना गल्लीतल्या दोन पोरांना घेऊन या, असं मी सांगितलं. आली. मशीनला नळी लावून दोघांना त्यातून ऐकवलं आणि पंखा मोठा केला. एकाने घाबरून नळी काढली. "मॅडम, एवढ्यात आमचं बोलणं कसं कळणार त्याला?" मग त्यानेच विचारलं, "खेळ संपला की आम्ही काय करायचं?" मी म्हटलं, त्याच्याजवळ जायचं, खांद्याला हात लावायचा, समोर येऊन सांगायचं.

मंगळवारी आईचा फोन आला. दोन दिवस पोरांनी बोलावलं, तिसऱ्या दिवशी विसरली. साडेसातला तिनेच जाऊन गठ्ठ्यांमागून त्याला उठवलं. मशीन दोन्ही कानांत होतं, चालू होतं.