तुम्ही विचारलंत म्हणून : ‘तू होतीस ना तिथे?’

“मिशिगन स्टेटच्या त्या मॅचला तू स्टेडियममध्ये होतीस ना? मग सांग की, ते शेवटचे दहा सेकंद कसे होते?”

२०१५ मध्ये आमच्या मिशिगन विद्यापीठाची टीम शेजारच्या मिशिगन स्टेट विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉलची हातातली मॅच हरली, तेव्हापासून हे मला इतक्यांनी विचारलंय की हिशेब राहिलेला नाही. ऑफिसात डबा खाताना, मंडळाच्या गणपतीत, सुट्टीला कोल्हापूरला गेले की चुलतभावाच्या मित्रांनी. त्या खेळातलं ओ की ठो कळत नसलं तरी ती क्लिप मात्र सगळ्यांनी पाहिलेली असते. आणि मी दर वेळी सांगत आले, हातवारे करून, सेकंद मोजून. आता एकदाच नीट लिहिते. परत कुणी विचारलं तर हेच वाचायला देईन.

त्याआधी दुसरा प्रश्न निकालात काढते, कारण त्याचा मला जास्त राग येतो. “अगं, आता तर तुम्ही चॅम्पियन झालात. अजून काय तेच धरून बसलीस?”

हो, झालो. ८ जानेवारी २०२४ ला ह्यूस्टनमध्ये राष्ट्रीय फायनलला वॉशिंग्टन विद्यापीठाला ३४–१३ नं हरवलं. त्या सीझनला पंधराच्या पंधरा मॅच जिंकलो. मी त्या रात्री रडले, खोटं कशाला सांगू. पण त्यानं २०१५ ची भरपाई झाली म्हणता, ती कुणाची? कॉलेजच्या टीममधली पोरं चार-पाच वर्षांत निघून जातात. आमचा तेव्हाचा क्वार्टरबॅक, म्हणजे हल्ला चालवणारा खेळाडू, जेक रुडॉक मिशिगनकडून एकच सीझन खेळला. बॉल लाथेनं लांब उडवणारा पंटर ब्लेक ओ’नील, तोही एकच. आमच्याकडून मिशिगन स्टेटविरुद्ध त्यांच्या नशिबी एकच मॅच होती आणि ती तशी संपली. कोच जिम हार्बॉचं ते पहिलंच वर्ष, त्यांना पुढे ट्रॉफी मिळाली. बाकीच्यांना काय मिळालं? “त्या हारीनंच टीम घडली” असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. उठून दुसऱ्या खोलीत जाते.

आणि कोल्हापूरच्या माणसानं तर हे विचारूच नये. शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये पाटाकडील तालमीकडून (आमच्याकडे क्लबला तालीम म्हणतात) शिवाजी तरुण मंडळ हरलं की शिवाजी पेठेत त्या रात्री काय वातावरण असतं, हे मी सांगायला हवं का? आबा मला लहानपणी खांद्यावर बसवून न्यायचे. हरलो की घरी यायला ते लांबचा रस्ता धरायचे, वाटेत कुणी भेटू नये म्हणून. इथेही तसंच : आमचं ॲन आर्बर आणि मिशिगन स्टेटचं ईस्ट लान्सिंग यांच्यात गाडीनं तासाभराचं अंतर. एकाच ऑफिसात, एकाच घरात दोन्हीकडची माणसं. आमच्याच टीममधल्या माइक हार्टनं २००७ ची मॅच जिंकल्यावर मिशिगन स्टेटला ‘धाकटा भाऊ’ म्हटलं होतं, आणि त्यानंतरच्या सातपैकी सहा मॅच त्या धाकट्या भावानं जिंकल्या. मी मास्टर्सला असताना, २०१२ मध्ये, तेवढी एक आम्ही १२–१० नं घेतली होती. शेवटचे पाच सेकंद उरलेले असताना मारलेल्या किकवर. त्या रात्री आबांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी नियम वगैरे काही विचारले नाहीत. एवढंच म्हणाले, “म्हणजे तुझी तालीम जिंकली.” तेव्हापासून आमच्या घरात मिशिगन म्हणजे माझी तालीम.

तर १७ ऑक्टोबर २०१५, शनिवार. नवरात्र चालू होतं, त्याच संध्याकाळी मंडळाचा भोंडला होता आणि मी खिरापतीचा डबा मैत्रिणीकडे सोपवून मॅचला गेले होते. याबद्दलही मला पुष्कळ ऐकवलं गेलंय. स्टेडियममध्ये एक लाख अकरा हजारांवर माणसं. त्याआधीच्या लागोपाठ तीन मॅचमध्ये आमच्या डिफेन्सनं समोरच्याला एकही पॉइंट दिला नव्हता. त्या दिवशीही आम्ही एकदाही मागे नव्हतो. दहा सेकंद उरले तेव्हा स्कोअर २३–२१, बॉल आमच्याकडे, मिशिगन स्टेटच्या ४७ यार्डांच्या रेषेवर, चौथं डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि दोन यार्ड बाकी. पंट करायचा, म्हणजे बॉल लाथेनं लांब उडवून द्यायचा, की संपलं. तसं करायला नको होतं म्हणणाऱ्यांना मी आजही सांगते की पंट हाच शहाणपणा होता. ओ’नीलनं त्याच मॅचमध्ये ८० यार्डांचा एक पंट मारला होता. त्याच्या पायावर भरवसा न ठेवायला काही कारणच नव्हतं.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. मिशिगन स्टेटनं बॉल झेलायला मागे कुणालाच ठेवलं नव्हतं, सगळे अंगावर आले. स्नॅप, म्हणजे ओ’नीलकडे मागे फेकलेला बॉल, जरा खाली आला, त्याच्या हातातून निसटला. त्यानं तो उचलून वळून मारायचा प्रयत्न केला, तेवढ्यात त्याला धक्का बसला आणि बॉल हवेत उडून थेट मिशिगन स्टेटच्या जेलन वॉट्स-जॅक्सनच्या हातात. तो ३८ यार्ड पळाला. एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या गुण मिळवून देणाऱ्या पट्ट्यात, पडला तेव्हा घड्याळात शून्य.

हे सगळं मी क्लिपमध्ये पाहिलंय. दोनशे वेळा तरी पाहिलं असेल. स्टेडियममध्ये मी ते पाहिलं नाही.

मी फोनकडे बघत होते. दहा सेकंद उरले तेव्हा शेजारचे लोक एकमेकांना मिठ्या मारत होते आणि मी हातमोजा दातांनी ओढून काढून आबांना व्हॉट्सॲप केलं, ‘जिंकलो’. एक लाख माणसांचे फोन एका जागी, नेटवर्क कुठलं मिळायला. मेसेजशेजारी ते छोटं घड्याळ फिरत राहिलं. जाईना. मी फोन डोक्यावर धरला, खाली घेतला, परत धरला. त्याच वेळी आवाज आला. आवाज आला म्हणजे आमचा आवाज बंद पडला. एवढ्या माणसांचा आवाज एकदम थांबला की कानात दडा बसल्यासारखं होतं. मग एका कोपऱ्यातून, जिथे हिरवे कपडे होते तिथून, आरडाओरडा ऐकू आला. मी मान वर केली तेव्हा लांब एंड झोनमध्ये पांढऱ्या जर्सींचा ढीग पडला होता. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवलेले. मी शेजारणीला विचारलं, “काय झालं?” ती बोलली नाही. परत फोनकडे पाहिलं तर मेसेज गेला होता.

दोन टिका, मग निळ्या. भारतात पहाटेचे साडेचार वाजून गेले होते, नवरात्रात आबा तेव्हा अंबाबाईला निघालेले असतात. त्यांचं उत्तर आलं, ‘आईची कृपा. पेढे वाटतो.’

गेलेला मेसेज परत घ्यायची सोय तेव्हा व्हॉट्सॲपवर नव्हती. पण दुसरा मेसेज करायला कुणी अडवलं होतं? तेव्हाची मी म्हणते की गर्दी होती, डोकं सुन्न झालं होतं, पार्किंगपर्यंत चालायला तास लागला. ठीक आहे. दुसऱ्या दिवशी? तिसऱ्या? दसऱ्याला फोन केला तेव्हा आबांनीच विचारलं, “कितीनं जिंकलो म्हणालीस?” आणि मी म्हटलं, “तेवीस-एकवीस.” तो स्कोअर खोटा नव्हता, दहा सेकंदांपूर्वीचा होता. ही पळवाट मी किती वर्षं वापरली.

आणखी एक आहे, तेही सांगून टाकते. त्या रात्री मैत्रिणींच्या ग्रुपवर मी ओ’नीलबद्दल लिहिलं की बाहेरून एका वर्षासाठी आलेल्याला मिशिगन स्टेट म्हणजे काय हे काय कळणार. तो ऑस्ट्रेलियाचा. मी शिवाजी पेठेतली. माझं हे वाक्य कुणाला खटकलं नाही, कारण त्या रात्री सगळेच त्याहून वाईट लिहीत होते. त्या पोराला लोक काय काय लिहून पाठवत होते हे दुसऱ्या दिवशी कळलं, जेव्हा आमचे ॲथलेटिक डायरेक्टर जिम हॅकेट यांना हे थांबवा म्हणून सगळ्यांना उघड पत्र लिहावं लागलं. मी त्याला स्वतःहून काही पाठवलं नव्हतं, असं मी तेव्हा मनाला सांगितलं. आजही तेच सांगते आणि आजही त्यानं भागत नाही.

वॉट्स-जॅक्सनचंही तसंच. त्या ढिगाखाली त्याचा खुबा मोडला होता. जिंकून देणारं पोरगं, आणि ऑपरेशन झालं ते आमच्याच विद्यापीठाच्या हॉस्पिटलात. माझी बस रोज त्या इमारतीवरून जाते. मिशिगन स्टेट त्या वर्षी बिग टेन ही आमची लीग जिंकलं, राष्ट्रीय प्लेऑफमध्ये अलाबामाकडून ३८–० हरलं, आणि ते बघताना मला आनंद झाला नाही. मैत्रिणी म्हणाल्या, मोठी झालीस. मोठी वगैरे काही नाही. हरलेल्या माणसाचा चेहरा पडद्यावर आला की मी तेव्हाही फोनकडेच बघत होते.

म्हणून तुम्ही विचारता तेव्हा माझा चेहरा उतरतो. टीम हरली याचं दुःख आहेच आणि ते कमी झालेलं नाही, कमी व्हावं असंही मला वाटत नाही. पण तुम्ही विचारता, “कसं वाटलं बघताना?” आणि मी न पाहिलेलं सांगायला लागते. इतक्या वेळा सांगितलंय की आता ओ’नीलचे हात मला माझ्याच जागेवरून दिसतात, क्लिपच्या कॅमेऱ्यातून नाही. हे मला भीतीदायक वाटतं. आजवर न सांगण्याचं कारण म्हणून मी म्हणायचे की एवढ्या मोठ्या गोष्टीचे साक्षीदार थोडेच असतात, त्यातली एक कमी कशाला करा. आता वाटतं, ती साक्षीदार नव्हतेच मी. पण तिकीट माझं होतं, थंडीत चार तास मी बसले होते, तेवीस-एकवीसपर्यंतचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. मग मी तिथे होते की नव्हते? उत्तर रोज बदलतं.

ह्यूस्टनच्या फायनलआधी आबांचा फोन आला होता. म्हणाले, “शिट्टी झाल्यावरच कळव हं.” त्यांना कळलंय का, कुणी क्लिप दाखवली का, मी विचारलं नाही. त्या रात्री फोन स्वयंपाकघरात ठेवला, शेवटपर्यंत टीव्हीसमोर उभी राहिले आणि मगच त्यांना कळवलं.

चुलतभाऊ हे त्यांना वाचून दाखवणार, मला माहीत आहे. आबा, तेवीस-एकवीस नाही. सत्तावीस-तेवीस. मिशिगन स्टेट जिंकलं.