आपण नक्की कुणाच्या गटात?

राज्यशास्त्र शिकवण्यात हयात गेली, त्यामुळं व्याख्यान संपून चहा आला, की कुणीतरी गाठतंच. "सर, आपला भारत नक्की कुणाच्या गटात? अमेरिकेच्या का रशियाच्या?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहितो.

कोल्हापूरकरानं हे विचारावं याचं मला नवल वाटतं. विधानसभेला एकमेकांवर तुटून पडलेले नेते दूध संघाला एकाच पॅनेलमध्ये, जिल्हा बँकेला आणखी तिसरीच जुळणी. यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. मग भारत क्वाड या चार देशांच्या गटात अमेरिका-जपानबरोबर आणि ब्रिक्स या उभरत्या देशांच्या गटात रशिया-चीनबरोबर बसला, तर एवढं कोडं कसलं? बघायचं ते एवढंच, की याची किंमत कोण मोजतंय.

1965-66 मध्ये लागोपाठ पावसानं दगा दिला. पीएल-480 या अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली तिथला गहू येत होता. दिल्लीनं अमेरिकेच्या व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीवर टीका केली आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी हात आखडता घेतला. गहू थोडा थोडा, हप्त्यानं सुटू लागला. जहाज बंदराला लागायचं आणि धान्य थेट रेशनवर जायचं. अलिप्तता, म्हणजे कुणाच्याच गटात नसणं, कागदावर शाबूत होती, कोठार रिकामं होतं. पुढं हरितक्रांती झाली, म्हणून 1971 मध्ये बांगलादेशच्या प्रश्नावर इंदिराबाई अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना बधल्या नाहीत. तरी ऑगस्टमध्ये मॉस्कोशी मैत्री करार करून ठेवला होताच.

आज कोठार भरलंय, पण कच्चं तेल 85 टक्क्यांहून जास्त बाहेरचं. 2022 आधी त्यात रशियाचा वाटा अगदी किरकोळ होता. युक्रेन युद्धानंतर सवलतीचा दर मिळाला आणि तो वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं त्यापायी भारतीय मालावर जादा 25 टक्के आयात शुल्क लावलं, तेव्हा ते एकूण 50 झालं. स्वस्त तेल घेतलं रिफायनऱ्यांनी. फटका बसला तो अमेरिकेला जाणाऱ्या तिरुपूरच्या कपड्याला आणि आंध्रच्या कोळंबीला. दबावाला न झुकणं मला पटतं. पण त्याचा भार नेमका कुणी उचलायचा, हे आधी ठरवायला नको?

आपल्या उसाला लागणारं पोटॅश खत घ्या. ते जवळजवळ सगळं आयात: रशिया, बेलारूस, कॅनडा, इस्रायल, जॉर्डन. यातले काही जण एकमेकांचं तोंड बघत नाहीत. शिरोळकडच्या ऊसवाल्यांना हे सांगितलं, की गटाचं राहतं बाजूला आणि पोत्याचा दर निघतो. तो प्रश्न मला जास्त आवडतो.