माहेरची कॅसेट
2021 च्या 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याकडे चिखलाने भरलेल्या कॅसेटीच येत होत्या. लग्नं, बारशी, कुणाच्या वडिलांचं कीर्तन. जुन्या टेप डिजिटल करून देणं हे माझं काम. त्या गर्दीत एक मुलगा आपल्या आजीला घेऊन आला. या खालांनी, म्हणजे मावशींनी, पिशवीतून एकच कॅसेट काढली. "माझ्या माहेरची आहे, जपून कर हो."

मला वाटलं माहेर दाभोळकडचं असेल. निघालं केपटाउन! कोकणातली कितीतरी मुस्लिम कुटुंबं शंभराहून जास्त वर्षं तिथे आहेत. खाला तिथल्या क्लेअरमाँटमध्ये वाढल्या आणि लग्न होऊन इकडे आल्या. पुढे जाणं-येणं जवळजवळ बंदच झालं, कारण तिथल्या वर्णभेदामुळे तेव्हा भारतीय पासपोर्ट दक्षिण आफ्रिकेसाठी चालत नसे. क्लेअरमाँट गोऱ्यांसाठी राखीव झालं तेव्हा माहेरचं घरही गेलं. ही कॅसेट बहिणीने सीडीवरून भरून पाठवली होती.

कव्हर उघडलं तर आत वाळलेला गाळ. स्प्रिंग गंजलेली, फेल्टची गादी गळून पडलेली. टेप डिस्टिल्ड वॉटरमध्ये धुतली, वाळवली, दुसऱ्या कव्हरात भरली. डेकचं हेड दर काही मिनिटांनी पुसावं लागत होतं, कापूस तपकिरी होत होता. चौथ्या खेपेला बाईचा आवाज आला. अगदी संथ, शब्दाला हात लावून थांबणारा.

सथीमा बी बेंजामिन, दक्षिण आफ्रिकेची जॅझ गायिका. अल्बम 'केप टाउन लव्ह', 1999 चा. सोबत केपटाउनच्याच हेन्री फेब्रुवारींचा पियानो. सथीमाही क्लेअरमाँटमध्येच आजीकडे वाढलेली. 1963 मध्ये अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनने तिला पॅरिसमध्ये गायला लावलं, पण ते ध्वनिमुद्रण बाहेर आलं थेट 1997 मध्ये, तेही ध्वनिमुद्रक गेरहार्ड लेनर यांनी एक प्रत सांभाळली होती म्हणून. त्या माणसाला मी मनातून हात जोडले. पुढची कितीतरी वर्षं ती न्यूयॉर्कमध्ये राहिली. साठी ओलांडल्यावर आपल्या गावच्या वादकांना घेऊन लहानपणी कानावर पडलेली गाणी गायला बसली, तो हा अल्बम. केपटाउनला कायमची परतली 2011 मध्ये, आणि 2013 मध्ये तिथेच वारली.

खरखर काढायला मी सॉफ्टवेअर लावलं. पहिल्या फेरीत आवाज लख्ख झाला, पण ऐकताना काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. मूळ फाइल परत लावली तेव्हा कळलं, ओळीआधीचे तिचे श्वास गेले होते. या वयाची गायिका श्वास लपवत नाही, त्यावरच ओळ तोलते. तासाभराचं काम पुसून टाकलं आणि खरखर राहू दिली.

दुसऱ्या दिवशी खालांना हेडफोन लावून दिले. पहिलं गाणं संपलं. त्यांनी बोटानेच "परत" अशी खूण केली. तीन वेळा लावलं. मग त्यांनी टेबलावरचं ते जुनं, गंजलेलं कव्हर मागितलं. मी म्हटलं, "खाला, ते टाकायचंय, त्यात आता काही नाही." त्यांनी ओढणीच्या टोकाने लेबलवरचा चिखल हळूहळू पुसला. खाली निळ्या शाईत बहिणीचं अक्षर होतं.