हिरवा तंबू

दुपारी डोळ्यांवर उजेड यायला लागला म्हणून चादर तोंडावरून ओढून घेतली आणि झोप राहिली बाजूला. आठवली ती होंडुरासची पांढरी वटवाघळं. झोपताना वटवाघळं आठवणं हे काही बरं लक्षण नव्हे, पण ही आहेतच तशी. कापसाच्या बोंडाएवढी, चारेक सेंटीमीटर लांब, वजन ५-६ ग्रॅम, नाक-कान पिवळे. मध्य अमेरिकेच्या ओल्या जंगलात राहतात आणि घर स्वतः बांधतात. हेलिकोनियाचं केळीसारखं लांबरुंद पान निवडायचं, मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांनी दातांनी कुरतडत जायचं, की पानाच्या दोन्ही बाजू खाली झुकतात. झाला तंबू. आत चार-सहा जण एकमेकांना बिलगून उलटे लोंबकळतात.

मधली शीर तुटू द्यायची नाही, खरी कारागिरी ती. तुटली की पान गेलं, घरही गेलं. कुठे थांबायचं हे एवढ्याशा जिवाला कळतं कसं?

मला कधी कळलं नाही. लहानपणीचा आमचा तंबू म्हणजे दोन खुर्च्या, एक चादर, कपड्यांचे चिमटे आणि वजनाला जाडजूड शब्दकोश. भाऊ म्हणायचा, पुरे. मी आणखी जराशी ताणायचे आणि शब्दकोश धाडकन खाली. (दक्षिण भारतातल्या आखूड नाकाच्या फळखाऊ वटवाघळांत तंबू नर बांधतो, माद्या आयत्या राहायला येतात. आमच्याकडे भाऊ चिमटा लावायलासुद्धा उठला नाही.)

पण चादर हिरवी होती. आत शिरलं की भावाचं नाक हिरवं, माझे हात हिरवे, वाटीतले शेंगदाणेही हिरवे. आम्ही कुजबुजत बोलायचो. का, कोण जाणे. बाहेर सगळं ऐकू जायचंच. खुर्चीला कुणाचा पाय लागला की दोघं चिडीचूप.

त्या वटवाघळांचंही तसंच. पानातून गाळून आलेला उजेड पांढऱ्या अंगावर पडतो आणि ती हिरवी दिसतात. खालून जाणाऱ्याला पत्ता लागत नाही. देठ जरा जोरात हलला, की भुर्र.

रात्री अंथरुणं घालायची वेळ झाली की आमचा तंबू मोडायचा. चादर एकच होती.

आत्ता तोंडावर आहे ती पांढरी. हात वर धरून पाहिला. हातासारखा हात दिसला.